प्रतिसाद: तपासणी झाली, पुढे काय?

"सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या दरवर्षी व्हाव्यात" हे कॅन्सर तपासणीबद्दलचं वरचं मत पटलं नाही. दक्षिण कोरियात इतर तपासण्यांसोबत जाता जाता थायरॉइडची सोनोग्राफीही होऊ लागली. १९९३ ते २०११ दरम्यान थायरॉइड कॅन्सरची निदानं सुमारे १५ पट झाली, मृत्यूदर होता तिथेच, म्हणजे जास्तीचे सापडलेले बहुतेक कॅन्सर जीवघेणे नव्हतेच. शस्त्रक्रिया आणि जन्मभराच्या गोळ्या मात्र लोकांच्या वाट्याला आल्या!

खरी गळती तपासणीनंतर होते. रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, फोन जातो, बाई परत येतच नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० चं लक्ष्य ९०-७०-९० आहे: ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची तपासणी, आजार सापडलेल्या ९० टक्के बायकांना उपचार. शेवटच्या ९० बद्दल कुणी बोलत नाही. एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणीचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो, संकोच टळतो. आधी पैसा अशा चाचणीवर आणि पॉझिटिव्ह आलेल्या बाईला उपचारापर्यंत नेण्यावर लावावा.