डीपफेकला मराठीत ‘तोतया’ म्हणावे का?

‘डीपफेक’ या शब्दाला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न पुन्हा निघाला आहे आणि ‘खोल बनावट’, ‘गहन नक्कल’ असे पर्याय सुचवले गेले आहेत. सुचवणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला आदर आहे, परंतु हे दोन्ही शब्द मला पटत नाहीत. माझ्या मते या गोष्टीसाठी मराठीत पूर्वीपासून एक नेमका शब्द आहे आणि तो आजही वर्तमानपत्रांत नेहमी छापला जातो. तो शब्द म्हणजे ‘तोतया’. हे मला कोश चाळताना सुचले नाही. भंडारा जिल्ह्यातल्या माझ्या मामांच्या अंगणात, धानाची कापणी चालू असतानाच्या एका संध्याकाळी, एकाच व्हिडिओला चार माणसांनी चार नावे दिली, तेव्हा ते लक्षात आले.

मामांच्या मोबाइलवर कोणीतरी तो व्हिडिओ पाठवला होता. देशातला एक नामांकित उद्योगपती खुर्चीत बसून हिंदीत सांगत होता की एका ॲपमध्ये एकवीस हजार रुपये भरले तर महिनाभरात कित्येक पट परत मिळतील. मोबाइलच्या काचेला एका कोपऱ्यातून तडा गेलेला आहे, त्यामुळे बोलणाऱ्याचा डावा गाल दुभंगलेला दिसत होता, तरीही मामांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि म्हणाले, “बोलते तं तोच.” माझी मामेबहीण कॉलेजात शिकते. ती म्हणाली, “बाबा, हे डीपफेक आहे.” मामांनी विचारले, “म्हंजे काय वं?” तिने सांगितले की डीप म्हणजे खोल आणि फेक म्हणजे खोटे. त्यावर मामांनी जे उत्तर दिले ते मी विसरलेलो नाही: “खोटं तं खोटंच असते, त्यात खोल अन् उथळ काय?”

शेगडीपाशी बसलेल्या मामी म्हणाल्या, “सोंग होय ते.” मामेभाऊ म्हणाला, “बोगस आहे.” शेजारचे एक म्हातारे बुवा खाटेवर बसले होते, त्यांनी मात्र मामींना अडवले. “सूनबाई, सोंग काऊन म्हणता? सोंग घेणारा समोर येते तवा आपल्याले मालूम असते का हा अमक्याचा पोरगा हाये.”

आधी ‘डीप’चा उलगडा करतो, कारण ‘खोल’ आणि ‘गहन’ या दोन्ही सूचना तिथेच चुकतात. या शब्दातला ‘डीप’ खोटेपणाची खोली सांगत नाही. ‘डीप लर्निंग’ म्हणून संगणकाला शिकवण्याची एक पद्धत आहे, तिच्यात आकडेमोडीचे पुष्कळ थर एकावर एक रचलेले असतात आणि थर जास्त म्हणून ती ‘डीप’. २०१७ मध्ये रेडिट या संकेतस्थळावरच्या एका व्यक्तीने ‘डीपफेक्स’ हे टोपणनाव घेऊन प्रसिद्ध अभिनेत्रींचे चेहरे अश्लील व्हिडिओंवर बसवले आणि त्या टोपणनावावरून हा शब्द जगभर गेला. म्हणजे ज्या शब्दाचा आपण अक्षरशः अनुवाद करायला निघालो आहोत तो मुळात एका व्यक्तीने स्वतःसाठी निवडलेले नाव आहे. मामांना जो प्रश्न पडला तो त्या अनुवादातून सुटणार नाही.

आता ‘सोंग’. आमच्या भागात हा शब्द फार जवळचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया म्हणजे गावजत्रा भरतात, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत होते आणि रात्री उजाडेपर्यंत नाटक चालते. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा येथे नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत आणि गावोगावच्या तारखा तिथूनच ठरतात. याच रंगभूमीवरील कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दंडार आणि खडीगंमत हे लोकनाट्याचे खेळ तर त्याहून जुने. खडीगंमतीत पुरुष लुगडे नेसून, पायात चाळ बांधून स्त्रीचे सोंग घेतो, आणि तो कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, त्याची शेती किती, हे समोर बसलेल्या बायांनाही ठाऊक असते. सोंग जमले की नाही हे ठरवण्यासाठीच मुळात ते सोंग आहे हे माहीत असावे लागते. बुवांचे म्हणणे तेच होते.

अर्थात ‘सोंग’ शब्दात फसवणुकीची छटा अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. आपण ‘आजारपणाचे सोंग’ म्हणतो, ‘झोपेचे सोंग’ म्हणतो, आणि तिथे समोरच्याला फसवण्याचाच हेतू असतो. परंतु तिथेही माणूस तोच राहतो, तो केवळ आपली अवस्था वेगळी दाखवतो. दुसऱ्या कोणाचे नाव आणि चेहरा घेऊन तो उभा राहत नाही. म्हणून उद्योगपतीचा चेहरा लावून पैसे मागणाऱ्या व्हिडिओला ‘सोंग’ म्हणणे मला सौम्य वाटते. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण मामींनी त्याच वेळी म्हणून दाखवली आणि ती त्या व्हिडिओला चपखल लागू पडली, हे खरे. शब्द मात्र तेवढ्याने बदलत नाही.

मामेभावाचा ‘बोगस’ विदर्भात घरोघरी वापरात आहे. बोगस बियाणे, बोगस खत, बोगस मजूर, बोगस डॉक्टर. पण वर्तमानपत्रे ‘बोगस डॉक्टर’ आणि ‘तोतया पोलीस’ असे दोन वेगळे शब्द किती काटेकोरपणे वापरतात ते पाहावे. बोगस डॉक्टर स्वतःच्याच नावाने दवाखाना चालवतो, त्याची पदवी खोटी असते. तोतया पोलीस म्हणजे बसस्थानकावर म्हातारीला थांबवून “आजी, पुढे चोऱ्या होताहेत, दागिने काढून रुमालात बांधा” असे सांगणारा माणूस. तो ज्याची बतावणी करतो ते पद, तो अधिकार आणि त्यामागचा विश्वास हे सगळे खरे असते, खोटा असतो तो माणूस. बोगस वस्तूत माल खोटा असतो. तोतया मात्र खऱ्याच्या जागी येऊन उभा राहतो. डीपफेकचे नेमके हेच काम आहे, कारण खरा उद्योगपती अस्तित्वात नसता तर त्या व्हिडिओचा कोणाला काही उपयोग नव्हता.

पोलिसाच्या वेशाचेच आणखी एक उदाहरण आपल्याकडे आहे. पूर्वी गावात बहुरूपी येत असे. खाकी कपडे, कमरेला पट्टा, हातात कागद, आणि दारात उभा राहून तो दरडावत असे की तुमच्या नावाचे वॉरंट आहे. पोरे घाबरत, मोठी माणसे हसत, आणि शेवटी तो सलाम ठोकून पसाभर धान्य घेऊन पुढच्या दारी जात असे. वेश तोच आणि बोलणेही तेच, तरीही मराठीने एकाला बहुरूपी म्हटले आणि दुसऱ्याला तोतया. पाहणाऱ्याला खरे कळू द्यायचे आहे की नाही, एवढ्यावरच ही विभागणी झालेली आहे. आजकाल व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशात बसून ‘डिजिटल अरेस्ट’ केली म्हणणारे लोक याच दुसऱ्या वर्गातले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितले होते की कायद्यात अशी कोणतीही अटक नाही, आणि तरीही आपल्या मथळ्यांत ‘डिजिटल अटक’ हे शब्द अवतरणचिन्हाशिवाय येतात याचे मला वाईट वाटते. ‘अटक’ हा शब्द वाचला की खेड्यातला माणूस निम्मा हरलेला असतो.

‘नक्कल’ या शब्दाला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. गावात नक्कल म्हणजे तहसीलमधून काढलेली प्रत. सातबाऱ्याची नक्कल, फेरफाराची नक्कल. तिच्यावर शिक्का असतो आणि बँकेत तिला मान असतो. जो शब्द शेतकऱ्याच्या लेखी खरेपणाचा पुरावा आहे तो खोट्या व्हिडिओला देऊ नये. ‘कृत्रिम’ही पुरेसा नाही. आमच्याकडे गाईचे कृत्रिम रेतन होते, कृत्रिम पावसाच्या बातम्या येतात, आणि त्यात कोणाला फसवणूक दिसत नाही.

मात्र ‘कृत्रिम’ टाकून देण्याचे कारण नाही, कारण तंत्र सर्वत्र सारखे असले तरी प्रत्येक वापर लबाडीचा नसतो. ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज २०२४ मध्ये एका गाण्यासाठी पुन्हा घडवले, तेव्हा त्यांनी कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदला दिला आणि तसे जाहीरही केले. त्या आवाजाला तोतया म्हणणे अन्यायाचे होईल. तो कृत्रिम आवाज आहे, हवे तर आवाजाचे सोंग आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये अरिजित सिंह यांना आपल्या आवाजाच्या विनापरवाना वापराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने नियमांचा जो मसुदा मांडला त्यात अशा कृत्रिम दृश्य मजकुराच्या किमान १० टक्के भागावर तसे लेबल दिसावे असे सुचवले होते. मला ही तरतूद शब्दार्थाच्या दृष्टीनेही महत्त्वाची वाटली, कारण लेबल लावले की ते सोंग होते आणि लेबल काढून पुढे पाठवले की तोच व्हिडिओ तोतया होतो.

या शब्दामागे इतिहासही आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण भाऊसाहेब जिवंत असल्याची आशा अनेकांनी सोडली नाही, आणि त्या आशेवरच त्यांचा तोतया उभा राहिला. तो पकडला गेला, कैदेत राहिला, पुढे १७७६ मध्ये सुटून त्याने कोकणात बंड मांडले आणि अखेर पुण्यात त्याला देहांत शासन झाले. केवळ चेहऱ्याच्या साम्यावर एवढे बंड उभे राहत नाही. लोकांना तो माणूस परत यावा असे मनापासून वाटत होते. मामांनाही धानाच्या हंगामाअखेर हातात चार पैसे यावेत असे वाटत होते. ज्याला फसवायचे आहे त्याच्या मनातली इच्छा ओळखणे हे तोतयाचे खरे कसब असते, आणि ‘डीपफेक’ या शब्दात त्याची चाहूलही लागत नाही.

एक आक्षेप मला रास्त वाटतो. तोतया ही व्यक्ती असते आणि व्हिडिओ ही वस्तू आहे, मग व्हिडिओला तोतया कसे म्हणायचे? यावर मला असे म्हणायचे आहे की पाहणाऱ्याला तिथे वस्तू दिसत नाही, माणूस दिसतो. मामा “बोलते तं तोच” म्हणाले, त्यांनी ‘ते’ म्हटले नाही. शिवाय आपल्याकडे खोटा साक्षीदार ‘उभा करतात’, डमी उमेदवार ‘उभा करतात’. त्याच धर्तीवर ‘तोतया उभा करणे’ हे क्रियापद सहज बसते. जानेवारी २०२४ मध्ये कोणीतरी सचिन तेंडुलकर यांचा तोतया उभा करून गेमिंग ॲपची जाहिरात केली आणि तेंडुलकरांनी स्वतः ते खोटे असल्याचे सांगितले, हे वाक्य मला कुठेही अडखळत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदाना यांचा चेहरा लिफ्टमध्ये शिरणाऱ्या दुसऱ्या एका स्त्रीच्या शरीरावर बसवला गेला, त्या प्रकरणी तर हे क्रियापद आवश्यकच आहे. त्या दुसऱ्या स्त्रीचा त्यात काहीच दोष नव्हता, तीही तितकीच नाडली गेली होती, म्हणून तिला तोतया म्हणता येत नाही. दोष तोतया उभा करणाऱ्याचा.

व्याकरणाचे थोडक्यात सांगतो. ‘तोतया पोलिसाने’ म्हणताना ‘तोतया’चे रूप बदलत नाही, तसेच ‘तोतया व्हिडिओत’, ‘तोतया आवाजाने’ असे लिहावे. स्वतंत्र नाम म्हणून वापरले तर ‘तोतयाने’, ‘तोतयाचा’, अनेकवचनी ‘तोतये’. तंत्राचे नाव म्हणून ‘डीपफेक’ राहिले तरी माझी हरकत नाही, कारण मामेबहिणीच्या पिढीला तो शब्द परका वाटत नाही. मात्र ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा बँकेच्या सूचनेत ‘डीपफेकपासून सावध राहा’ असे लिहिण्याऐवजी ‘तोतया व्हिडिओपासून सावध राहा’ असे लिहिले तर ते माझ्या मामांसाठी लिहिलेले असेल. त्या संध्याकाळी मी त्यांना “मामाजी, हा तोतया आहे” एवढेच म्हटले होते. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि विचारले, “मंग खरा कुठी हाये?”

एक गोष्ट अनुभवी वाचकांकडून जाणून घ्यायची आहे. शेजारच्या बुवांना ‘तोतया’ शब्द समजला, पण त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात तो नसावा असे मला वाटले, कारण पुढे बोलताना त्यांनी ‘डमी’च म्हटले. वऱ्हाडात, म्हणजे यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडे, दुसऱ्याच्या नावावर उभ्या राहणाऱ्या माणसाला बोलीत कोणता शब्द आहे, आणि तो मतदान केंद्रावर वापरतात की परीक्षेच्या हॉलवर, हे कोणी सांगितले तर ही चर्चा पुढे नेता येईल.