काचबिंदू: थेंब गालावर ओघळतात, पायऱ्या चुकतात

अनुस्वार
आई ७१ वर्षांची, दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. सकाळी आणि रात्री ब्रिंझोलामाइड-टिमोलॉल (एकाच बाटलीतले थेंब), शिवाय रात्री लॅटानोप्रॉस्टचे थेंब. थेंब ओघळला की ती दुसरा घालते, कधी तिसराही. लॅटानोप्रॉस्टची २.५ मिलीची बाटली १८ दिवसांत संपते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा अक्षरांचा तक्ता ६/९ पर्यंत (जवळजवळ पूर्ण) वाचते, तरी पायरी चुकते, उंबरठ्याला ठेचकाळते. चष्म्याचा नंबर बदलून फरक पडेल का? आणि थेंब घालायची बरोबर पद्धत कोणती?

जाईजुई
त्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. १८ दिवसांत दोन डोळ्यांना ३६ पुरतात, म्हणजे निम्म्याहून जास्त औषध डोळ्यात जातच नाही. एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. पापणीमागच्या खोबणीत फार तर ३० मावतात. त्यामुळे थोडं ओघळणारच. थेंब आत पडला असेल तर दुसरा घालून काही मिळत नाही.

हात धुवा. ब्रिंझोलामाइड असलेली बाटली आधी हलवा, ते औषध तळाशी बसतं. आईंना आडवं झोपवा किंवा मान मागे टेकवून बसवा. खालची पापणी बोटाने ओढून खोबण करा, त्यांना वर बघायला सांगा आणि एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीच्या केसांना लागू देऊ नका, जंतू आत जातात. मग डोळा अलगद मिटायचा. इथे बहुतेकजण जोरजोरात पापण्या मिचकावतात आणि औषध बाहेर पडतं. नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने २ मिनिटं दाबून धरा. अश्रूंची नळी तिथूनच नाकात उतरते आणि त्या वाटेने टिमोलॉल रक्तात जातं. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर टिमोलॉलबद्दल डॉक्टरांना आजच विचारा, हे अजिबात टाळू नका.

दोन औषधांत किमान ५ मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. लॅटानोप्रॉस्ट गालावर आलं तर लगेच पुसा, त्याने कातडी काळवंडते.

हात थरथरत असेल तर आडवं पडून डोळा मिटायचा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाकायचा आणि मग डोळा उघडायचा. थेंब आपोआप आत उतरतो.

लॅटानोप्रॉस्टच्या बहुतेक बाटल्या उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, उघडल्यावर २५ अंशांच्या आत ६ आठवडे चालतात. लेबल एकदा वाचा. उन्हाळ्यात आपल्याकडे खोली २५ वर राहत नाही, तेव्हा फ्रिजच्या दारात ठेवा; फ्रीझरमध्ये मात्र नको. गार थेंब डोळ्यात पडलेला जाणवतोही. बाटली उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा.

कोरीगड
नंबराने पायरी दिसणार नाही. तक्ता फक्त मधली नजर मोजतो, काचबिंदू कडेची नजर खातो. त्यांच्या फील्ड टेस्टची, म्हणजे नजरेचं क्षेत्र मोजणाऱ्या तपासणीची, प्रत बघा. खालचा भाग काळा आला असेल तर अडखळण्याचं कारण तेच. गेलेली नजर परत येत नाही, मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून ती मिळत नाही. थेंब उरलेली नजर राखायला असतात.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर चालताना फक्त लांबचा वेगळा चष्मा द्या. वाचायचं भिंग नेमकं पायरीच्या जागी येऊन ती पुसट करतं.

घरात प्रत्येक पायरीच्या काठावर साधारण ५ सेंटीमीटर रुंद, पायरीपेक्षा उठून दिसणारी पट्टी लावा. काळ्या कडाप्प्यावर पिवळी चालते, पांढऱ्या फरशीवर पिवळी दिसत नाही, तिथे काळी किंवा गडद निळी लावा. पहिली आणि शेवटची पायरी विसरू नका, घात तिथेच होतो. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद ठेवा; अर्धवट उघड्या दाराची धार कपाळाला लागते. पायपुसणी उचलून टाका. स्टीलच्या ताटात पांढरा भात शोधावा लागतो, गडद ताट द्या.

बाहेर जाताना त्यांचा दंड धरून ढकलू नका. त्यांनी तुमचा कोपर धरायचा, तुम्ही अर्धं पाऊल पुढे. पायरी आली की थांबून 'वर' की 'खाली' तेवढं सांगा.

टिकली
६/९ म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र मिळणार नाही असं धरून चालू नका. २०१६ च्या कायद्यात नजरेचं क्षेत्र ४० अंशांहून कमी असेल तर तेही अल्पदृष्टीत मोडतं. युडीआयडीसाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करा आणि तपासणीला जाताना फील्ड टेस्टचा अहवाल न्याच, नुसता तक्ता वाचून घेतला तर अडचण दिसतच नाही.

आणि अनुस्वार, तुम्ही, तुमची भावंडं, मावशी-मामा, सगळ्यांनी डोळ्याचा दाब आणि डोळ्यामागची नस तपासून घ्या. दाब २१ (मिमी पारा) च्या आत असूनही काचबिंदू असू शकतो, म्हणून नुसता दाब मोजून निघू नका.

अनुस्वार
मनापासून आभार. फील्ड टेस्टमध्ये खालचा भाग खरंच काळा आहे. दोन्ही बाटल्या तिला सारख्याच वाटतात, त्यावर काही उपाय?

जाईजुई
सकाळ-रात्रीच्या बाटलीला दोन रबरबँड, फक्त रात्रीच्या बाटलीला एक. झाकणांची अदलाबदल होते, म्हणून रबरबँड झाकणाला नको, बाटलीच्या अंगाला लावा. डोळा लाल झाला म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणू नका, त्याने दाब वाढतो. एकाएकी डोळा ठणकून दुखला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी दवाखाना गाठा.