पत्रकावरचे 33 टक्के: आतड्याच्या कॅन्सरचं शिबिर सांगलीत घ्यावं का?

विश्रामबागकर
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे एका दिवंगत सभासदाच्या स्मरणार्थ देणगी आली आहे. काहींचं म्हणणं, त्यातून सगळ्या सभासदांची शौचातल्या लपलेल्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. लॅबवाल्यांनी पत्रकही छापून दिलंय, त्यावर ठळक अक्षरात 'आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू 33 टक्क्यांनी घटतात'. माझा विरोध आहे. मीटिंगमध्ये चहा आला की विषय गुंडाळला जातो, म्हणून इथं लिहितोय.

33 हा आकडा खोटा नाही. अमेरिकेत मिनेसोटामध्ये 46 हजारांवर लोकांना घेऊन अभ्यास झाला, त्याचा निकाल 1993 मध्ये आला. पण तिथं तपासणी दर वर्षी, आणि रक्त सापडलं की कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं तपासणं. एका रविवारी मंगल कार्यालयात शौचाच्या नमुन्याच्या डब्या वाटून तो आकडा आपल्या नावावर कसा लावायचा? त्याच लोकांचा 30 वर्षांचा हिशोब 2013 मध्ये छापून आला. या कॅन्सरनं तपासणी नसलेल्या गटातले शंभरात साधारण तीन गेले, दरवर्षी तपासणी झालेल्या गटातले दोन. आणि सगळ्या कारणांनी मिळून? दोन्हीकडे 71.

दुर्बीण_मिरज
काका, एंडोस्कोपीच्या खोलीत काम करतो म्हणून बोलतो. तिनाचे दोन झाले हे थोडं झालं का? आतड्याचा कॅन्सर हा एकूण मृत्यूंतला छोटा वाटा. 71 मध्ये तो एक माणूस दिसणार नाहीच. या मापानं कुठलीच एका आजाराची तपासणी पास होणार नाही.

आणि 'एकदा करून उपयोग नाही' हेही सरसकट खरं नाही. ब्रिटनमध्ये 55 ते 64 वयाच्या 1 लाख 70 हजार लोकांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींना बोलावलं आणि जे आले त्यांची आतड्याच्या शेवटच्या भागाची छोटी दुर्बीण केली, तीही आयुष्यात एकदाच. 2010 मध्ये निकाल आला, बोलावलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्के कमी. कारण साधं आहे. आतड्यात आधी पॉलिप, म्हणजे मांसाचा छोटा कोंब येतो, त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. तेवढ्यात तारेच्या फासात धरून तो कापला की खेळ खलास.

विश्रामबागकर
ती दुर्बीण होती. आमच्याकडे डबी आहे. डबी पॉलिप कापत नाही.

आकडेमोड
दोघेही अर्धंच सांगताय. पोलंड, नॉर्वे, स्वीडनमधला 2022 चा अभ्यास बघा. तिथं थेट कोलोनोस्कोपीला बोलावलं होतं. दहा वर्षांत दहा हजारांमागे कॅन्सर 120 च्या जागी 98. मृत्यू 31 च्या जागी 28, म्हणजे फरक योगायोगानेही पडू शकेल इतका. मग काहींनी लगेच 'कोलोनोस्कोपी निकामी' अशी बोंब ठोकली. पण बोलावलेल्यांतले आले किती? 42 टक्के! न आलेल्यांचे मृत्यूही बोलावलेल्यांच्याच खात्यात धरले जातात, आणि ते बरोबरच आहे. पत्र पाठवून काय साधतं हे सरकारला कळायला हवं ना. नळी घालून घेतलेल्याला काय मिळतं हा वेगळा प्रश्न, त्याचं उत्तर बरंच चांगलं आहे. 'धोका निम्मा' म्हणणारा आणि 'काही फरक नाही' म्हणणारा, दोघे एकाच कागदावर बोट ठेवून भांडतात.

आता आपलं बघू. भारतात हा कॅन्सर वर्षाला लाखामागे पाचाच्या आसपास, नॉर्वेत त्याच्या कितीतरी पट. जिथं आजार विरळ, तिथं तीच डबी, तेवढाच खर्च, पण हाती लागणारे रुग्ण कमी. मूळव्याधीचं रक्त दाखवणारे मात्र तेवढेच.

कुपवाडची सून
तुमचं विरळ तुमच्यापाशी ठेवा. आमच्या मामंजींना वर्षभर रक्त जात होतं. 'बिनऑपरेशन मूळव्याध' अशी पाटी असलेल्या एकाकडं जात होते, तो दर वेळी चूर्ण आणि मलम द्यायचा. बोट घालून तपासणंसुद्धा कधी झालं नाही. मिरजेला नेलं तेव्हा गाठ यकृतात गेलेली. त्या वर्षात कुणी एक डबी हातात दिली असती तर?

विश्रामबागकर
ताई, वाईट झालं. पण मी तेच म्हणतोय. त्यांचं रक्त लपलेलं नव्हतंच, डोळ्यांना दिसत होतं. त्यांना डबी नको होती, दुर्बीण हवी होती. आपल्या भागात माणसं तपासणी नाही म्हणून कमी मरतात आणि दिसत असून उशीर केला म्हणून जास्त. देणगीचा पैसा तिकडे जाऊ दे. रक्त जाणाऱ्या, शौचाची सवय बदललेल्या, विनाकारण वजन उतरलेल्या गरीब माणसाची दुर्बीण त्यातून करा.

दुर्बीण_मिरज
याला मात्र माझा पाठिंबा, आणि जोडीला एक इशारा. डोळ्यांना रक्त दिसत असताना डबीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून घरी बसू नका. गाठ रोज रक्त सोडतेच असं नाही.

कुपवाडची सून
अहो पण तो गरीब माणूस तुमच्याकडं येणार कसा? मामंजी मुलाशी बोलायचे नाहीत, माझ्याशी तर नाहीच. धोतराला डाग दिसले म्हणून सासूबाईंना कळलं. शिबिर लागलं, चारचौघं डबी घेऊन गेले, तर निदान घरात विषय तरी निघतो. हे तुमच्या कुठल्या अभ्यासात मोजलंय?

जतची आशा
मी आशा सेविका आहे. 2016 पासून तिशीच्या पुढच्यांसाठी सरकारच्या यादीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. आम्ही फॉर्म भरतो, कंबर मोजतो, तंबाखू विचारतो. बायका गर्भाशयमुखाच्या तपासणीलाच दहा वेळा समजावल्यावर येतात. त्यात आता डबी.

नवीन डबीला पथ्य नाही, हे बरं आहे. जुन्या तपासणीत मटण, मुळा बंद ठेवावा लागायचा. काडीला खाचा असतात, त्या शौचावर चार जागी फिरवायच्या आणि काडी डबीतल्या द्रावणात बुडवून झाकण लावायचं. हे जमतं. पण उन्हाळ्यात नमुना तापला की रक्तातलं हिमोग्लोबिन मोडतं आणि असलेलं रक्तही सापडत नाही. वस्तीवरून डब्या गोळा करून जतला, तिथून एसटीनं मिरजेला. एप्रिलमध्ये त्या पिशवीला हात लावून बघा.

आकडेमोड
हा मुद्दा पत्रकात कुणी छापणार नाही. शिबिर घ्यायचंच तर डिसेंबरात घ्या.

तरी 'खेड्यात जमत नाही' हे मला मान्य नाही. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आधारानं. एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी एकदाच केली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निकाल 2009 चा. परदेशातला नाही, आपल्या मराठवाड्यातला.

विश्रामबागकर
तिथं सापडलेल्या बाईवर पुढचे उपचार त्याच कामात धरलेले होते, आणि तो आजार त्या भागात भरपूर होता. माझा प्रश्न तोच आहे. लॅबवाले डबी फुकट देतात. पॉझिटिव्ह आलेल्यांची कोलोनोस्कोपी कोण करणार, पैसे कोण देणार, याची पत्रकात एक ओळ नाही. कॅन्सर निघाला तर ऑपरेशन, केमो फुले योजनेत होईल. मधल्या पायरीचं काय?

दुर्बीण_मिरज
ती पायरी सोपी नाही, तेही सांगतो. आदल्या दिवशी पावडर पाण्यात कालवून दोन लिटर प्यायची, रात्रभर संडासच्या वाऱ्या. सत्तरीच्या, मधुमेहाच्या म्हातारीला एकटीनं झेपत नाही. हजारात एक-दोघांना मोठा रक्तस्राव किंवा आतड्याला भोक पडणं होऊ शकतं. म्हणून सरसकट सगळे सभासद नको, 50 ते 70-75 मधले धडधाकट घ्या. मी डबीच्या बाजूचाच आहे, पण दुर्बिणीची तारीख आधी ठरलेली हवी.

भडंगप्रेमी
एवढ्या खर्चात संघाची गणपतीपुळ्याची सहल होईल. मरणाचा दर माहीत नाही, मंडळी खूश राहतील.

कुपवाडची सून
सहलीचे पैसे वेगळे जमतात, हे नाही जमत. विश्रामबागकर, तुमच्या मीटिंगमध्ये मला बोलायला द्या. ठराव असा लिहा: डब्या कमी घ्यायच्या आणि पॉझिटिव्ह येईल त्या प्रत्येकाच्या दुर्बिणीचे पैसे आधी बाजूला काढायचे. उरतील ते रक्त जाणाऱ्यांसाठी.

विश्रामबागकर
मीटिंग गुरुवारी साडेपाचला, या. तुमच्या ठरावाचा दुसरा भाग मी मांडतो. पहिल्याला माझा विरोध कायम, हात वर करणार नाही.