मदत हवी आहे: मांडीच्या फ्रॅक्चरनंतर घरी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन की गोळी?

माणदेशी: वडिलांच्या मांडीच्या हाडात रॉड बसवला असून काल त्यांना घरी आणले. डिस्चार्ज कार्डावर एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, रोज एकदा, पोटावर, असे लिहिले आहे. टोचायला गावात रोज कोणी मिळत नाही. शेजाऱ्यांना अशाच शस्त्रक्रियेनंतर केवळ ॲस्पिरिन दिले होते. आजचा डोस संध्याकाळी आहे, तरी इंजेक्शनाऐवजी गोळी चालेल का, हे कृपया लवकर सांगावे.

अबोली: वडिलांचे वय, मूत्रपिंडाची स्थिती आणि आधीपासून चालू असलेली औषधे कळल्याशिवाय याचे उत्तर कोणालाही जबाबदारीने देता येणार नाही. इंजेक्शन किती दिवस घ्यायचे, हेही कार्डावर पाहावे.

टोरांटोकर: गोळी पुरते, असे माझे ठाम मत आहे. अमेरिका आणि कॅनडातील २१ ट्रॉमा केंद्रांमध्ये १२,२११ अस्थिभंगाच्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना ॲस्पिरिन ८१ मिलिग्रॅम, तर काहींना एनॉक्सापॅरिन ३० मिलिग्रॅम, दोन्ही दिवसातून दोनदा, दिले होते. ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ०.७८ आणि ०.७३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते.

भूलतज्ज्ञ_नाशिक: त्याच अभ्यासात पायाच्या खोल शिरांतील गुठळ्या ॲस्पिरिनच्या गटात २.५१ टक्के आणि इंजेक्शनाच्या गटात १.७१ टक्के होत्या, हेही सांगायला हवे. फुप्फुसातील गुठळ्या दोन्हीकडे १.४९ टक्के होत्या. सरासरीवरून एका रुग्णाचे औषध आपण येथे बसून बदलू नये.

पंचगंगा: आमच्या आजींना रोज कोमट तेलाने पोटरीचे मालिश केल्याने फार आराम पडला होता.

अबोली: ताई, एकाच पायाची पोटरी सुजली किंवा दुखू लागली, तर ती अजिबात चोळू नये, गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

विमामित्र: विम्यात रुग्णालयानंतरच्या खर्चाची तरतूद असेल, तर इंजेक्शनांची बिले जपून ठेवावीत.

माणदेशी: खर्चाची अडचण नाही. वडील ६७ वर्षांचे आहेत. त्यांना स्टेंट आहे, म्हणून क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन ७५ आधीपासूनच चालू आहे, आणि दुखण्यासाठी घरातली डायक्लोफेनॅक देत आहोत.

भूलतज्ज्ञ_नाशिक: ही माहिती सर्वांत महत्त्वाची आहे. ॲस्पिरिन चालू असतानाही सर्जनांनी इंजेक्शन लिहिले असेल, तर त्यांना स्टेंटच्या गोळ्यांची कल्पना आहे का, हे डोसच्या आधी फोन करून विचारावे. तिन्ही औषधे एकत्र घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि डायक्लोफेनॅकमुळे तो आणखी वाढतो. मात्र स्टेंटच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. मूत्रपिंड फार अशक्त असेल, तर एनॉक्सापॅरिनची मात्रा कमी करावी लागते, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्टही हाताशी ठेवावा.

माणदेशी: सर्जनांशी बोलणे झाले. डायक्लोफेनॅक थांबवायला सांगितले असून इंजेक्शन चालूच ठेवायचे आहे, आणि उद्या क्रिएटिनिन तपासायचे आहे. बहीण टोचायला तयार आहे. तिला कोणी रीत सांगेल का?

अबोली: बेंबीपासून तीन बोटे बाजूला कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत घालावी आणि औषध संपेपर्यंत घडी सोडू नये. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नये, नंतर जागा चोळू नये, आणि रोज बाजू बदलावी. पहिला डोस मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेसमोर द्यावा.