'प्रकाश होवो' म्हणजे महास्फोट नव्हे

गोदाकाठ
परवा आपल्या गटात एक पोस्ट फिरली. औंढा नागनाथला लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय, आता शास्त्रज्ञच बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय सिद्ध करतील. 'प्रकाश होवो' हाच विश्वाच्या सुरुवातीचा महास्फोट आणि देवाने सृष्टी केली ते सहा दिवस म्हणजे सहा युगं. खाली 'आमेन'ची रांग लागली. राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लायगोचं काम वेगळं आहे. काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत लेसर. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशच ताणत-आखडत जाणारी लाट, आली की भुजेच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी फरक पडतो, तो पकडायचा. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेत पहिली लहर मिळाली, ती सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत मिसळलेल्या दोन कृष्णविवरांची. विश्वाच्या जन्मवेळच्या लहरी असल्याच तर या यंत्राला कळणार नाहीत इतक्या क्षीण आहेत.

आणि प्रकाश? विश्वाचं वय 1380 कोटी वर्षं. त्यातली पहिली सुमारे 3 लाख 80 हजार वर्षं प्रकाश सुरुवातीच्या तापलेल्या धुक्यातच अडकून होता, मोकळा सुटतच नव्हता. शिवाय उत्पत्तीत झाडं तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी. दिवसाचं युग केलंत तर झाडं युगभर उन्हाविना जगवावी लागतील.

विश्व प्रसरण पावतंय हे 1927 साली मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांताचा संबंध थेट देवाच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा ते लमेत्रनाच रुचलं नाही. भौतिकशास्त्राचा सिद्धांत श्रद्धेच्या प्रश्नाबाहेरचा, ही त्यांची भूमिका. उद्या सिद्धांत बदलला तर तुमची श्रद्धाही बदलणार का?

वचनावर उभा
लमेत्रांचं राहू द्या. आज तुम्ही दिवस काढले, उद्या बायबलमधला पहिला माणूस आदाम काढाल. रोमकरांस पत्र 5:12 वाचा: एका माणसाद्वारे पाप जगात आलं आणि पापाद्वारे मरण. आदामच नसेल तर ख्रिस्त वधस्तंभावर कशासाठी गेला? पाळकाने रविवारी मंडळीपुढे उभं राहून काय सांगायचं? पुस्तकं वाचणाऱ्यांचं ठीक आहे, तारणाची आशा धरून बसलेल्या म्हातारीचं काय?

काळा पाषाण
म्हातारीला खरं तेच सांगायचं. वेरूळ ज्या पाषाणात कोरलंय, तो साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. आपल्याकडे विहीर खणताना काळा पाषाण फोडला की कधी मध्येच विटकरी रंगाचा मऊ थर लागतो आणि खाली पुन्हा पाषाण. तो थर म्हणजे आधीच्या लाव्ह्याची झीज होऊन झालेली माती. ती व्हायला काळ जावा लागतो, मगच वरून दुसरा लाव्हा येतो. असे थरावर थर आहेत, आणि मधल्या गाळात मेलेल्या प्राण्यांचे जीवाश्म. माणूस यायच्या कितीतरी आधी मरण होतंच.

आदामाचं म्हणाल, तर आजच्या माणसांतली जनुकीय विविधता एका जोडप्यातून येत नाही. पूर्वजांचा आकडा हजारांतच निघतो.

वचनावर उभा
सृष्टी कण्हत आहे असं ते पत्र लिहिणारा पौलच सांगतो, रोमकर 8:22. प्राण्यांचं मरण, भूकंप, सगळं आदामाच्या पापाने झालेल्या पतनाचं फळ. किल्लारीचा भूकंप विसरलात का? देवाचा हात तिथे दिसला नाही?

काळा पाषाण
किल्लारी मध्ये आणू नका. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजत आलेले, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. भारताची भूपट्टी दरवर्षी साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते. तो ताण आतल्या जुन्या भेगेवर साठला आणि सुटला.

हजारो माणसं मेली ती माळवदाखाली, म्हणजे दगडी भिंतींवरच्या मातीच्या सपाट छताखाली. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आत एक थर, बाहेर एक थर, मध्ये दगडगोटे आणि चिखल. दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही. हादरा बसला की बाहेरचा थर फुगून सुटतो आणि आतला अंथरुणावर येतो. वर पांढऱ्या मातीचा फूट-दोन फूट थर. गळती लागली की त्यावर आणखी माती, म्हणजे ओझं वाढतच जायचं. याला पापाची शिक्षा म्हणणं हा मेलेल्यांचा अपमान आहे.

वचनावर उभा
शिक्षा हा शब्द मी वापरला नाही. तो तुमचा.

उदगीरकर
'देवाचा हात' म्हटल्यावर दुसरा काय अर्थ निघतो? लूक 13:4 उघडा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले. ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का, असं येशूच विचारतो, आणि नाही म्हणतो. भूविज्ञान यायच्या अठराशे वर्षं आधी हे उत्तर दिलेलं आहे.

आदामाशिवाय ख्रिस्त कशाला, या प्रश्नाला तेयार द शार्दां भिडले. जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू आणि जीवाश्मांचे अभ्यासक. निर्मिती मागे कधी पूर्ण होऊन बिघडली नाही, ती अजून चालू आहे आणि ख्रिस्ताकडे चालली आहे, असं त्यांनी मांडलं. 1962 मध्ये रोमच्या कॅथलिक धर्मपीठाने त्यांच्या लिखाणाबाबत इशारा दिला. त्यांत पापाचं गांभीर्य हलकं पडतं, हा आक्षेप मलाही पटतो. पण प्रश्न टाळला नाही त्यांनी.

वचनावर उभा
लूक 13 मान्य. किल्लारीचं उदाहरण द्यायला नको होतं, मागे घेतो. पुढच्याच वचनात 'पश्चात्ताप करा' आहे, तेही वाचा. आदामावरून मी हलणार नाही.

गोदाकाठ
हलू नका, पण तुमची ती युगांची पोस्ट तरी गटातून काढा. तरुण पोरं ती कॉलेजात घेऊन जातात आणि पहिल्याच प्रश्नाला गप्प होतात.

वचनावर उभा
लायगोची ओळ काढतो. बाकी राहील.

उदगीरकर
पाषाणराव, आमच्याकडे अजून कितीतरी माळवदं उभी आहेत. आरपार दगड किती अंतरावर हवा?

काळा पाषाण
उंचीत दर 60 सेंटिमीटरला एक ओळ, आडवं अंतर 1.2 मीटरच्या आत. दगड भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब. तसा नसेल तर सळईचा आकडा घालून सिमेंट काँक्रीट भरायचं. तो बसवायला जुन्या भिंतीत भोक पाडताना दगड हळूच काढा, घण मारू नका, नाहीतर आतला चिखल सैल होतो. आणि आधी छतावरची जास्तीची माती उतरवा.