विषय: नागपूरच्या शिबिरातील आर्डुइनो बोर्ड – मदत हवी

सप्रेम नमस्कार,
धरमपेठेतील वाचनालयात काल प्रोग्रॅम लिहून दिवे वगैरे चालवता येणाऱ्या आपल्या १२ आर्डुइनो उनो बोर्डांपैकी ५ बोर्ड लॅपटॉपने ओळखलेच नाहीत आणि मुले तासभर ताटकळली. येत्या शनिवारी पुढचे सत्र आहे; तरी मूळ कंपनीचे ५ बोर्ड मंडळाच्या निधीतून घेऊन, परदेशातून सुट्टीवर नागपूरला येणाऱ्या कोणी सभासदाने ते सोबत आणावेत, ही विनंती.
– युवा समिती

ताई,
निधीला हात लावण्याआधी केबल तपासाव्यात. केवळ चार्जिंगसाठी असलेल्या केबलमध्ये विजेच्याच दोन तारा असतात, डेटाच्या नसतात, त्यामुळे बोर्डावरचा दिवा लागतो, मुलांना सारे ठीक वाटते, पण लॅपटॉपवर पोर्ट, म्हणजे बोर्ड जोडल्याची नोंद, दिसत नाही. त्याच केबलने फोन लॅपटॉपला जोडून फायली दिसतात का ते पाहावे. केबल निर्दोष निघाली, तर स्वस्त बोर्डांवर यूएसबी जोडणी सांभाळणाऱ्या सीएच३४० चिपचा ड्रायव्हर (लॅपटॉपला ती चिप ओळखता यावी यासाठीचे सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवर नेऊन टाकावा, कारण वाचनालयात इंटरनेट नाही.
आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या व्हिडिओ पाठमालेतील मराठी पाठांची यादी आम्ही गेल्या वर्षीच केली आहे. युवा समितीने ती नव्याने करू नये.
– ग्रंथालय समिती

आदरणीय मंडळी,
ड्रायव्हरचे मला फारसे कळत नाही, पण सीताबर्डीतून सुटे भाग आणून मी शाळेत असताना रेडिओ जोडला होता, तेव्हा रेझिस्टरच्या (प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या भागाच्या) रंगपट्ट्या वाचायला शिकलो ते आजही विसरलेलो नाही. मुलांनी आधी लाल, लाल, तपकिरी म्हणजे २२० ओहम हे ओळखावे. ५ व्होल्टवर तांबडा एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो, उरलेल्या ३ व्होल्टमुळे २२० ओहममधून १४ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. उनोच्या पिनसाठी २० मिलिअँपिअरच्या आत राहणे इष्ट. रेझिस्टरशिवाय एलईडी जोडणाऱ्या मुलाला हे गणित स्वतः करू द्यावे. बोर्ड परदेशातून मागवण्याची गरज मला दिसत नाही.
– महाल भागातील जुना सभासद

काका,
गणित मान्य आहे, पण पहिल्याच दिवशी ते सांगितले तर आठवीतली मुले दूर जातील. आधी दिवा लुकलुकू द्यावा, मग रेझिस्टरशिवाय तोच जळून का जातो हे विचारावे. घरी बोर्ड नसलेल्यांना टिंकरकॅड या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच परिपथ जोडता येतो, तेथे एलईडी जळाला तरी खर्च होत नाही. यादीबाबत मात्र नम्रपणे सांगते, की तिच्यात आर्डुइनोचा पाठ नाही, म्हणून आम्ही दुसरी करत आहोत.
– युवा समिती

सर्वांस,
आज त्या केबलांनी फोन लॅपटॉपला जोडून पाहिला. ५ पैकी ४ केबल चार्जिंगच्याच निघाल्या, पाचव्या बोर्डाला ड्रायव्हर टाकताच पोर्ट दिसले. त्यामुळे बोर्डांची विनंती मागे घेत आहे. ४ डेटा केबल येथेच घेऊ, आणि तपासलेल्या प्रत्येक केबलला पांढरी चिकटपट्टी लावू. ग्रंथालय समितीने ड्रायव्हरचा पेन ड्राइव्ह शुक्रवारपर्यंत वाचनालयात द्यावा.
– युवा समिती