पासपोर्ट टूरवाल्याच्या हाती द्यावा का? आमचे नऊ एकदमच गेले

संत्राबाग_वरूड

फेब्रुवारीत आम्ही वरूड-मोर्शी पट्ट्यातले २१ संत्रा बागायतदार स्पेनला गेलो होतो. सरकारी अभ्यासदौरा नव्हता, पदरचे पैसे. व्हॅलेन्सियाकडच्या बागा पाहायच्या, जवळच मोंकादाला त्यांचं संशोधन केंद्र आहे तिथं कलमाच्या खुंटांचं काम पाहायचं, एवढ्यासाठी. आपण जंबेरी या एकाच खुंटावर अडकलो आणि डिंक्या रोगानं बागा चालल्या, म्हणून हा खटाटोप.

पहिल्याच दिवशी टूरवाल्या पोरानं हॉटेलात सांगितलं, "काकाजी, पासपोर्ट माझ्याकडे द्या, तुमच्याकडून हरवतील." नऊ जणांनी दिले. मी त्या नवांत.

तिसऱ्या दिवशी बार्सिलोनाच्या मोठ्या रेल्वे स्टेशनवर त्या पोराच्या जॅकेटवर मागून पांढरट-हिरवं काहीतरी पडलं. एका बाईनं वर बोट दाखवून पाखराची घाण असल्याची खूण केली. हातात टिश्यू तयारच. दुसरा एक माणूस पाण्याची बाटली घेऊन धावला. पोरानं पाठीवरची सॅक काढून दोन पायांमध्ये ठेवली आणि जॅकेट उतरवलं. मी दोन हात अंतरावर उभा राहून त्या बाईकडे पाहत होतो, की किती भली बाई आहे. जॅकेट परत अंगात जाईस्तोवर सॅक नव्हती. बाई नव्हती, बाटलीवालाही नव्हता. स्टेशनाला छत आहे, तिथं अंगावर नेमकं एवढं पाखरू कुठून येईल, हे आम्हाला नंतर सुचलं.

आपल्या एसटी स्टँडवर मानेवर खाजकुयली टाकून पिशवी नेतात, तोच हा प्रकार. स्टँडवर मी तो लांबून ओळखला असता. तिथं ओळखला नाही, कारण गोरी, नीटनेटकी बाई चोर असेल हे मनातच आलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

पोलिसांकडे प्रत्येकाची तक्रार वेगळी. नऊ तक्रारी, एक दुभाषी, रात्रीचे साडेअकरा. तिघांच्या मोबाईलमध्ये पासपोर्टचा फोटो होता. बाकी सहा जणांनी घरी फोन लावले, तेव्हा इथं पहाटेचे चार. माझ्या मुलानं कपाट उचकून झेरॉक्स शोधली आणि फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी माद्रिद, सहाशे किलोमीटर, आपल्या दूतावासात. तिथं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण त्यावर फक्त भारतात परत येता येतं. माणसं चांगली वागली, तक्रार नाही. पण बाकीचे बारा जण बागा पाहून आले आणि मी त्यांच्या मोबाईलवर फोटो पाहिले.

माझं मत पक्कं झालं आहे. परदेशात आपला पासपोर्ट आपल्याच अंगावर. कोणी कितीही आपुलकीनं मागो, द्यायचा नाही. तुमचं काय म्हणणं?

मोर्शीचे_गुरुजी

मी याच सहलीत होतो, म्हणून बोलतो. भाऊ, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. ज्या बारा जणांनी पासपोर्ट स्वतःकडे ठेवले, त्यांचंही सांगा की. एकाचं पाकीट मेट्रोच्या दारातच गेलं. पुढचा माणूस चढता चढता मध्येच थांबला, मागच्यानं रेटलं, दार बंद व्हायच्या आत दोघंही उतरून गेले. पॅन्टच्या मागच्या खिशात ४५० युरो. पासपोर्ट दुसऱ्या खिशात होता म्हणून वाचला, त्यात त्याची काही हुशारी नाही. दुसऱ्या एकानं पासपोर्ट हॉटेलात उशीखाली ठेवला आणि बस ४० किलोमीटर गेल्यावर त्याला आठवला. अख्खी बस परत फिरली. तेव्हा तुम्हीच सगळ्यांत जास्त चिडले होते!

आपला माणूस पैसा जपतो, कागद जपत नाही. सातबारा ट्रंकेत ठेवायचा आणि ट्रंकेची किल्ली खुंटीला. अशा २१ जणांना घेऊन फिरणाऱ्या पोरानं कागद गोळा केले तर त्याचं काय चुकलं? चूक गोळा करण्यात नाही, पाठीवर घेऊन फिरण्यात आहे. हॉटेलच्या खोलीत तिजोरी असते, तिथं ठेवायचे होते. मी पुढच्या वेळीही टूरवाल्याकडेच देईन.

संत्राबाग_वरूड

गुरुजी, चिडलो होतो, कबूल. पण हिशेब पाहा. तो उशीवाला एकटा विसरला, अर्ध्या तासात सापडला. सॅक गेली तेव्हा नऊ जण एका झटक्यात गेले. सगळी अंडी एका टोपल्यात नसती तर ही पाळी आली नसती. आणि ४५० युरोवाल्याला पोलिसांनी काय सांगितलं ते तुम्हीच दुभाषाकडून ऐकलं. तिथं ४०० युरोपर्यंतची चोरी किरकोळ गुन्ह्यात मोडते. चोरालाही तो आकडा पाठ असणार.

तिजोरीचंही एक आहे. परदेशी माणसाजवळ कागदपत्रं असावीत असा स्पेनचा नियम आहे, पोलीस विचारू शकतात.

वेल्डर_अकोट

गुरुजी, रागावू नका, पण तुमचं म्हननं मले पटलं नाई.

म्या सात वर्सं सौदीत दमामले काहाडली. पयल्याच दिशी कंपनीनं पासपोर्ट घेतला. सुरक्षित राह्यते म्हनले, हरवत नाई म्हनले. शब्द अगदी तुमच्या टूरवाल्याचेच. तिसऱ्या वर्षी माय गेली. रात्री फोन आला. ज्याच्याजोळ तिजोरीची किल्ली तो साहेब सुट्टीवर. त्याचा फोन लागे नाई, दुसरा कोनी दार उघडे नाई. पैसे होते, तिकीट होतं, इमान होतं, पासपोर्ट नव्हता. म्या घरी पोचलो तं तेरवीची पंगत उठून राह्यली होती.

सौदीत बी मालकानं पासपोर्ट ठेवनं कायद्यात बसत नाई, हे मले लय उशिरा समजलं. अन् तो पासपोर्ट तसा तुमचा बी नाई बरं, भारत सरकारचा हाये, आतमंदी छापलं हाये. सरकारची वस्तू तुमी कोनाले बी काऊन देता?

मोर्शीचे_गुरुजी

वेल्डरभाऊ, वाचून वाईट वाटलं. पण मालकानं कामगाराला बांधून ठेवण्यासाठी घेणं आणि दहा दिवसांच्या सहलीत पोरानं सोयीसाठी घेणं, यांना एकाच तराजूत तोलू नका. मी मागितला असता तर त्यानं त्याच क्षणी दिला असता.

वेल्डर_अकोट

मांगितला असता तं. पन तुमी मांगितलाच नाई ना गुरुजी. नवाच्या नऊ जनांनी तीन दिस एकदाबी मांगितला नाई. माह्यं म्हननं तेवढंच हाये.

बाप_गोंदिया_जिल्हा

मी सहसा लिहीत नाही. माझ्या पुतण्याला बँकॉकला डेटा एंट्रीची नोकरी म्हणून एजंटानं बोलावलं होतं. तिकीट त्याचंच, व्हिसा पर्यटनाचा. तिथून गाडीनं म्यानमारच्या सीमेकडे नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बसवतात, हे आता पेपरात सगळ्यांनी वाचलं. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी ५०० हून जास्त लोक तिकडून परत आणले. आमचा पोरगा निघायच्या आधीच थांबला, कारण गावातल्या एका रिटायर्ड फौजीनं एकच प्रश्न विचारला: "नोकरी आहे तर व्हिसा फिरायला जायचा कसा?"

एजंटाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर आहे का, ते आधी पाहा. नोंदणी असलेल्यालाही ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी, याच्यापुढे पैसे घेता येत नाहीत. आमच्याकडे दीड लाख मागितले होते. अर्धे देऊन झाले होते, ते गेले.

आर्वीची_सिस्टर

मघापासून सगळे कागदाचं बोलत आहेत. काकाजी लोकांना खिशाची काळजी. बाईमाणूस परदेशात उतरलं की तिला आधी खिसा आठवत नाही.

मी डब्लिनला नर्स आहे. आर्वीत संध्याकाळी सातनंतर मला एकटीला मेडिकलमध्येही पाठवत नव्हते. इथं आल्यावर पहिली दोन वर्षं रात्री अकराला ड्युटी संपवून, कानात गाणी लावून चालत घरी गेले. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोकळा काळ तोच. मग २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले. १ ऑगस्टला इथल्या आपल्या दूतावासानं सूचना काढली, की निर्मनुष्य भागात जाणं टाळा, विशेषतः अवेळी. माझ्या ओळखीतल्या एकीला बसस्टॉपवर चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांनी अंडी मारली. लागलं काही नाही. पण ती आठ दिवस दाराला कडी लावून बसली होती.

आता मी काय करते? डबल डेकरमध्ये वर बसत नाही, खाली ड्रायव्हरला दिसेल अशी बसते. रात्रीच्या ड्युटीला दोघीतिघी मिळून निघतो. कानात काही नाही. ११२ नंबर युरोपभर चालतो, तो आईलाही पाठ करून ठेवायला सांगितला आहे. तिथून लावला तर वर्धा जिल्ह्यातच गाडी येईल, हे तिला तीनदा समजावलं.

पासपोर्ट कुलपात आहे. तो गेला तर दुसरा मिळतो.

धानवाला_ब्रम्हपुरी

मग जाता कशाला? सरळ विचारतो. आमच्या तालुक्यात वाघ आहे, दर वर्षी माणसं जातात. तरी आम्ही मोहफुलं वेचायला जातो, रात्री धानाची जागल करतो. कारण वाघ कोणत्या नाल्यानं येतो, किती वाजता येतो, कोणत्या महिन्यात पिल्लं असतात, हे ठाऊक आहे. भीती आहे, पण ओळखीची आहे. तुम्ही लाखो रुपये खर्चून अशा जागी जाता, जिथला वाघ टिश्यू घेऊन येतो. संत्र्याचे खुंट इंटरनेटवरही दिसतात.

आर्वीची_सिस्टर

दादा, ब्रम्हपुरीत नवी सून येते तेव्हा तिला वाघाचा रस्ता कोण सांगतं? सासू सांगते, जावा सांगतात, "पहाटे एकटी परसाकडे जाऊ नको, वाकून बसू नको." मला इथं मल्याळी सिस्टर्सनी सांगितलं. कोणता स्टॉप वाईट, कोणत्या दुकानाबाहेर पोरं टोळकं करून उभी राहतात, सगळं. दूतावासाच्या कागदात त्या दुकानाचं नाव नव्हतं. जाऊ नका म्हणणं सोपं आहे. माझ्या पगारावर घरी बोअर लागली आणि भावाचं इंजिनिअरिंग झालं, ते कुठं मोजायचं?

धानवाला_ब्रम्हपुरी

ताई, तुमचं मान्य. तुम्ही तिथं राहता, तुम्हाला सांगणारं माणूस भेटलं. मी दहा दिवसांच्या पाहुण्यांचं बोलतो. दहा दिवसांत कोण कोणाची जाऊ होते?

संत्राबाग_वरूड

हा मुद्दा मात्र लागला. आम्हाला सांगणारं कोणीच नव्हतं. टूरवाला पोरगाही पहिल्यांदाच बार्सिलोनाला आला होता, हे आम्हाला चोरी झाल्यावर कळलं. सहल ठरवताना आम्ही जेवण शाकाहारी का, चहा दोन वेळा का, हे दहादा विचारलं. "तू या गावात आधी कितीदा आलास" हे एकानंही विचारलं नाही. विमा विचारला होता, कारण युरोपच्या शेंगेन व्हिसाला ३० हजार युरोचा लागतोच. तो दवाखान्याचा. आमच्या पॉलिसीत चोरीचा एक शब्द नव्हता, हे माद्रिदच्या हॉटेलात बसून वाचलं.

आणि गुरुजी, स्वतःकडे ठेवलेल्यांत एक माणूस तुम्ही मुद्दाम विसरलात. आपले टेंभुरखेड्याचे काकाजी.

मोर्शीचे_गुरुजी

विसरलो नाही, तुम्ही काढाल म्हणून थांबलो होतो.

वय ७२. जायच्या आधी गावच्या शिंप्याकडून बंडीला आतून चोरखिसा शिवून घेतला होता, वरून शर्ट, त्यावर स्वेटर. पासपोर्ट दहा दिवस तिथंच. बार्सिलोनाच्या मेट्रोत त्यांच्याभोवतीही तशीच रेटारेटी झाली. चोराचा हात स्वेटरपर्यंत आला, तर काकाजींनी मनगट धरून ठेवलं आणि पुढचं स्टेशन येईस्तोवर सोडलंच नाही. ओरडले नाहीत, काही नाही. तो पोरगाच "सॉरी, सॉरी" म्हणत होता. हॉटेलात पासपोर्ट दाखवायची वेळ आली की मात्र स्वागतकक्षासमोरच स्वेटर वर, शर्ट वर. मागची रांग हसायची.

तरी माझं मत तेच. सगळेच काकाजी नसतात.

वेल्डर_अकोट

बाप्पा! त्या काकाजीचा शिंपी कोनता, नंबर द्या. पोरगा पुढच्या मह्यन्यात कतारले चालला.

संत्राबाग_वरूड

शिंपी थकला आता, फक्त गोधड्या शिवतो. कोणाकडूनही शिवून घ्या. माप देतो: पासपोर्ट साडेबारा सेंटीमीटर उंच, पावणेनऊ रुंद. खिसा दोन्हीकडून दोन-दोन बोटं मोठा ठेवा आणि तोंडाला चेन नको, बटण लावा. काकाजींचं म्हणणं, चेनचा आवाज गर्दीत कळत नाही, बटण काढायला दोन हात लागतात. आणि आत प्लास्टिकची पिशवी टाका, नाहीतर घामानं पानं चिकटतात. त्यांचं पहिलं पान चिकटलंच होतं.